दुखत नाही, पण लाली जात नाही

मेडिकलच्या काउंटरवर गर्दी ओसरल्यावर, आवाज खाली आणून मागितली जाणारी एक ट्यूब असते. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड एकत्र मिसळलेलं असतं. लिंगाच्या टोकावर लाल चट्टा दिसला. दुखत नाही, फारसा खाजतही नाही. मग डॉक्टरांसमोर कपडे कशाला काढायचे, असा विचार करून माणूस ती लावतो. तीन-चार दिवसांत लाली फिकी पडते. ट्यूब थांबवली की परत येते, बहुधा जास्तच.

इथली कातडी शरीरात सर्वांत पातळ असलेल्यांपैकी एक. त्यामुळे स्टिरॉइड लवकर मुरतं, त्वचा आणखी झिजते, बारीक रक्तवाहिन्या वर दिसू लागतात आणि लाली कायमची मुक्कामाला येते. अंडकोषाच्या त्वचेवर तर ही तऱ्हा त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाची आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. तरीही ती सर्रास मिळतात, हे संतापजनक आहे.

मुळात ही लाली येते कशाने? छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, वाळूजच्या कारखान्यात घामाने भिजलेली पँट पाळी संपेपर्यंत अंगावर राहते, आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पुढच्या कातडीखाली ओल आणि मळ साचला की कँडिडा या बुरशीला आयतं घर मिळतं. उलट, जंतुनाशक टाकून किंवा साबण घासून रोज तीनदा धुणाऱ्यांचीही त्वचा लाल होतेच.

कँडिडा वारंवार होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासावी. अनेकांचा मधुमेह असाच उघडकीस येतो. डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून त्या घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर ते स्वस्त झालं आणि घेणारेही वाढले. मात्र गोळी परस्पर बंद करू नये; डॉक्टरांना लाली दाखवावी.

काही कारणं चकवतात. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची गोळी घेतली आणि काही तासांत लिंगावर गोल लाल डाग उठला; सहा महिन्यांनी तीच गोळी, तोच डाग, नेमक्या त्याच जागी. मागे काळसर खूण उरते. ही औषधाची अ‍ॅलर्जी आहे. पण रुग्ण गुप्तरोग समजून घाबरतो आणि घरात संशय शिरतो. सोरायसिसला इथे पापुद्रे धरत नाहीत, नुसती तुकतुकीत लाली दिसते. म्हणून डॉक्टर कोपर, गुडघे, नखं पाहतात. सुंता न झालेल्या प्रौढांत विटकरी, ओलसर चकाकणारा चट्टा येतो. झून या डच त्वचारोगतज्ज्ञाने १९५२ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो संसर्गजन्य नाही.

मात्र न दुखण्यावर विसंबू नये. सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरतोही. जंतू शरीरातच राहतात. मखमली दिसणारा, न हलणारा लाल चट्टा कर्करोगाची पहिली पायरी असू शकतो. केरा या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १९११ मध्ये ती नोंदवली. दोन आठवड्यांत न ओसरलेली लाली, जखम, रक्त, जाड होणारी कातडी किंवा जांघेतली गाठ दिसली, की तपासणी हवीच. गरज पडल्यास त्वचेचा लहानसा तुकडाही तपासतात.

तोवर रोज एकदा साध्या पाण्याने कातडी मागे घेऊन धुवावं, टिपून कोरडं करावं, आणि कातडी आठवणीने पुढे आणावी. ती मागेच अडकली तर सूज चढून तातडीने दवाखाना गाठावा लागतो. सैल सुती अंतर्वस्त्र वापरावं. बुरशी निघाल्यास जोडीदारालाही तक्रार आहे का, हे विचारावं आणि असल्यास जोडीदाराचेही उपचार करावेत.

या सगळ्यात आड येते ती लाज. र. धों. कर्वे १९२७ पासून आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात अशा विषयांवर उघडपणे लिहीत होते. वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आज प्रश्न विचारल्याबद्दल कुणी खटला भरत नाही. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आहे, आणि सरकारच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये अशा तक्रारींची तपासणी व सल्ला मोफत आणि गोपनीय असतो. जाताना लावलेली ट्यूब आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. निदानाचा अर्धा धागा बहुतेकदा त्यांच्यावरच छापलेला असतो.