लायसन मिळाले, आता पहिली खेप



बॉयलर अग्निप्रदीपनाचा नारळ फुटला की आपल्या भागातील रस्त्यांना वेगळीच जाग येते. बीडकडच्या, जतकडच्या, विजापूरकडच्या टोळ्या बिऱ्हाडासह उतरू लागतात. बैलगाड्यांचे तळ पडतात. आणि त्याच सुमारास मिरजेत गॅरेजांपुढे, चहाच्या टपऱ्यांवर काही नवी पोरे घुटमळताना दिसतात. खिशात अवजड वाहनाचे कोरे लायसन आणि तोंडात एकच प्रश्न, "कुणाच्या गाडीवर जागा हाय काय?" ऊस, खत, उतारा आणि भाव यांवर आपण पुष्कळ वाचतो, पुष्कळ बोलतो. तो ऊस फडातून गव्हाणीपर्यंत आणणाऱ्या नव्या ड्रायव्हरविषयी मात्र क्वचितच बोलतो. म्हणून हा लेख.

हे लायसन मिळते कसे, ते आधी पाहू. वयाची 20 वर्षे पुरी लागतात. हलक्या वाहनाचे लायसन निदान 1 वर्ष जुने लागते. डॉक्टरांचा दाखला लागतो. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 साली निघाली आणि दुष्काळी भागातील अनेक पोरांना वाट मोकळी झाली. ड्रायव्हिंग स्कूलचे अवजड वाहनाचे शिक्षण नियमाप्रमाणे 30 दिवसांचे, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास निदान 15. आता हिशेब करा. पंधरा तास, तेही बहुधा रिकाम्या गाडीवर, दिवसाउजेडी आणि डांबरी रस्त्यावर. त्यानंतर हा पोरगा ज्या गाडीवर बसतो ती हौद्याच्या वरपर्यंत उसाने भरलेली, काळ्या मातीच्या फडात उभी, आणि निघायची वेळ बहुतेक अंधाराची!

जुन्या लोकांना बैलगाडीचा काळ आठवत असेल. गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल वाट सोडत नसत, गाडी नेमकी अड्ड्यावर आणून उभी करीत. इंजिनाला ते ज्ञान नाही. ते ज्ञान ड्रायव्हरने कमवायचे असते, आणि ते शाळेत मिळत नाही. ते मिळते पहिल्या हंगामात, एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून.

गेल्या हंगामात बेडग रस्त्याच्या बाजूला माझ्याच उसाला तोड आली, तेव्हा हे शिक्षण मला जवळून पाहायला मिळाले. ट्रक आला. स्टिअरिंगवर विशीतला पोरगा, शेजारी मालकाने सोबतीला दिलेले साठीकडे झुकलेले ड्रायव्हर. सगळे त्यांना मामाच म्हणत. पोराने गाडी सरळ फडात घालायला घेतली. मामांनी हात वर करून थांबवली.

"आधी पायानं जाऊन ये."

पोरगा खाली उतरला. मामांनी त्याला फडाच्या कडेने फिरवले. कुठे टाच रुतते ते दाखवले. पाटाची ओल कुठवर आहे ते दाखवले. मग मान वर करून विजेच्या तारा दाखवल्या. "रिकामी गाडी ह्या तारेखालनं जाईल. भरल्यावर जाईल का? आत शिरायच्या आधी भायेर कसं पडायचं ते बघायचं." पंधरा तासांच्या शिक्षणात नसलेला हा पहिला धडा.

दुपारपासून भरणी सुरू झाली. टोळीतल्या बाया-बापड्या डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढत होत्या. ट्रक भरत आला तसा माझा जीव मागे राहिलेल्या उसात अडकू लागला. तोडलेला ऊस जितका रखडेल तितके त्याचे वजन घटते आणि त्यातली साखरही उतरते. तो 24 तासांच्या आत गाळपाला जावा हे आपण सगळेच जाणतो. उरलेल्या मोळ्यांसाठी गाडी पुन्हा कधी येणार, या काळजीने मी पोराला म्हणालो, "अजून दहा-वीस मोळ्या बसतील की! टाकून घे."

पोरगा गांगरला. माझे वय, माझा ऊस, माझेच रान. तो 'नको' कसे म्हणणार? मामांकडे बघून पुटपुटला, "मालक म्हणत्यात तर…"

मामा शांतपणे म्हणाले, "मालक उसाचं. लायसन कुणाचं?"

मी गप्प झालो. खरे तर मला लाज वाटली. जादा वजनाची गाडी पकडली गेली तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड सांगितला आहे, आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी 2,000. पण दंडाचे एक वेळ भागवता येते. उसाचा भार उंच रचलेला असतो. वजन वर गेले की वळणावर गाडी बाहेर झुकते. ब्रेक दाबल्यावर रिकामी गाडी जिथे थांबते त्याच्या पुष्कळ पुढे भरलेली गाडी जाऊन थांबते. उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापून निकामी होतात, तिथे खालच्या गिअरवरच उतरावे लागते. हे सगळे नव्या हाताला सांभाळायचे असते, आणि त्यात मी दहा-वीस मोळ्यांची भर घालत होतो.

दोर आवळून झाले. पोरगा केबिनमध्ये चढला, सेल मारला. बांधापासून सुटण्यासाठी गाडी थोडी मागे घ्यायची होती. मामांनी हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद.

"खाली बघितलंस का?"

"आरशात बघितलं की मामा. मागं कुणी न्हाई."

"उतर. फिरून ये गाडीभोवती."

पोरगा काहीसा नाराजीनेच उतरला. मागच्या चाकाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. मीही गेलो. ट्रकच्या सावलीत, जुळ्या टायरांच्या मागे, गोणपाटावर टोळीतल्या एका बाईचे दीड-दोन वर्षांचे मूल झोपले होते. शेजारी वाढ्यांचा भारा होता. उन्हापासून निवारा म्हणून आईने त्याला तिथे ठेवले होते. अख्ख्या फडात त्या वेळी दुसरी सावलीच नव्हती.

आई धावत आली, मूल उचलून घेतले. कुणी कुणाला काही बोलले नाही. पोराचे हात थरथरत होते. मामांनी त्याला बांधावर बसवले, पाणी दिले आणि एवढेच म्हणाले, "गाडीला मागं डोळं नसत्यात. आपलं डोळं आपुन चालवत न्ह्याचं. रोज. शंभरदा बघ, शंभरदा काय बी नसंल. तरी बघायचं."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्यासोबत केबिनमध्ये बसून कारखान्यावर गेलो. वाटेत एका गावात शाळा सुटलेली पोरे चालत्या ट्रकमागे धावून ऊस ओढू लागली. आपणही लहानपणी हे केले आहे. मामा म्हणाले, "हॉर्न वाजवून पळवू नको, आडवीतिडवी पळत्यात. वेग कमी कर, पुढं कुणाला तरी हाक मारायला सांग." पुढे कुणीतरी पाचट पेटवले होते आणि धूर रस्त्यावर उतरला होता. तिथे दिवे लावून, सावकाश, डाव्या कडेने. थंडीच्या दिवसांत कृष्णाकाठच्या पहाटेच्या धुक्यातही तोच नियम.

मिरज जवळ आली तशी मागून रुग्णवाहिकेचा आवाज आला. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली इथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. सांगली-कोल्हापूरच नव्हे, तर कागवाड, अथणीकडचे रोगीही इथे येतात. म्हणून मिरजेच्या रस्त्यावर उसाची गाडी चालवणाऱ्याने मागचा आवाज ऐकायला कान मोकळे ठेवलेच पाहिजेत. मामांनी टेपचे बटण बंद केले ते एवढ्यासाठीच. पोराने साईड दिली. मोबाईल तर मामांनी आधीच स्वतःच्या खिशात टाकला होता.

कारखान्यावर पोचलो तर यार्डात रांग. काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन, मग गव्हाण, मग रिकाम्या गाडीचे वजन. हे होईतो रात्रीचे 2 वाजून गेले. इतक्यात दुसऱ्या फडावरून फोन आला, ऊस तोडून पडलाय, लगेच निघा. नवा ड्रायव्हर बहुधा खेपेवर कमावतो. एक खेप वाढली की चार पैसे वाढतात. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा 1961 सालीच कायद्याने घातली होती. हंगामात यार्डातल्या रात्रीला मात्र ती मर्यादा ठाऊक नसते.

मामा काही बोलले नाहीत. ते पोराकडे बघत राहिले. पोराने फोन घेतला आणि म्हणाला, "मला झोप आलीया. चार तास झोपतो, उजाडलं की निघतो." पलीकडून आवाज चढला. पोराने तेच पुन्हा सांगितले आणि सीटवर आडवा झाला. मामा मला म्हणाले, "आता ह्यो ड्रायव्हर झाला."

बंधू-भगिनींनो, त्या एका वाक्यासाठीच हे सगळे सांगितले. गिअर टाकणे, क्लच सोडणे हे शाळा शिकवते. भार ओळखणे, फड पाहणे हे जुना ड्रायव्हर शिकवतो. पण 'नाही' म्हणणे नव्या पोराला सर्वांत जड जाते, कारण समोर वाहनमालक असतो, मुकादम असतो आणि पुष्कळदा आपणच असतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच ऊसबिलातून वजा होतो. म्हणजे त्या पोराच्या मजुरीत आपला पैसा आहे, तशीच त्याच्या जिवाची जबाबदारीही थोडी आपली आहे.

तेव्हा या हंगामात आपण तीन गोष्टी करू. गाडी भरली की 'अजून थोडे' म्हणणार नाही. फडात टोळीच्या लेकरांसाठी गाडीपासून लांब, बांधावर, चार बांबू आणि एक ताडपत्री टाकून सावली करून देऊ. त्याचा खर्च तो काय! आणि ड्रायव्हर झोप आली म्हणाला तर त्याला घोंगडे देऊ, शिवी देणार नाही.

नव्या ड्रायव्हर मित्रांनाही एक सांगणे. रस्त्यात अपघात घडलाच तर पळू नका. जखमीला जवळच्या दवाखान्यात पोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य कायद्यानेच सांगितले आहे. दुसऱ्याच्या अपघातात मदत करणाऱ्यालाही 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. मिरजेत दवाखाना कधीच लांब नसतो.

यंदा तो पोरगा एकट्याने गाडी चालवतो आहे. परवा माझ्या रानाजवळून गेला. थांबला नाही, खेप होती. पण निघण्यापूर्वी शेजारच्या फडात तो उतरून गाडीभोवती एक फेरी मारताना मी लांबून पाहिला.