पंप-नियंत्रकात प्रोग्रॅम भरण्यासाठी यूएसबी केबलीची जोडणी

आंबेगाव तालुक्यातील पेठ व सातगाव पठाराच्या परिसरात बटाटा हे महत्त्वाचे पीक आहे. या पिकास पाणी कमी पडल्यास कंद पोसत नाहीत. अधिक झाल्यास ते सडतात. त्यातच कृषिपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते, आणि जुन्नर-आंबेगाव भागात रात्री शेतात जाणे म्हणजे बिबट्याचे भय पत्करणे होय. जमिनीतील ओल मोजून पंप चालू-बंद करणारा छोटा नियंत्रक अशा वेळी उपयोगी पडतो.

असे काम खेड्यातही होऊ शकते. जवळच शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने २००२ साली तेथे फॅब लॅब सुरू झाली.

केबल कशासाठी?

नियंत्रकातील मायक्रोकंट्रोलर हा एक लहानसा संगणकच होय. काय करावयाचे याची आज्ञावली त्यात संगणकावरून भरावी लागते. काही मंडलांवर यूएसबीची खाच असते. स्वस्त व लहान मंडलांवर ती नसते. तेथे यूएसबी सीरियल केबल लागते. तिच्या टोकातील चिप दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करते. मोबाईल चार्ज करण्याची साधी केबल या कामी चालत नाही.

तारांची जोडणी

प्रथम मंडल ५ व्होल्टचे आहे की ३.३ व्होल्टचे, हे पाहून त्याच दाबाची केबल घ्यावी. ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्ट दिल्यास ती निकामी होण्याचा संभव असतो.

सहा तारांच्या प्रचलित केबलीत काळी तार ग्राउंडची, तांबडी वीजपुरवठ्याची, नारिंगी पाठवणीची (टीएक्स) व पिवळी स्वीकाराची (आरएक्स) असते. सर्वच केबलींचे रंग सारखे नसतात; म्हणून रंगावर विसंबून न राहता माहितीपत्रक पाहावे. केबलीची पाठवणी मंडलाच्या स्वीकाराला व मंडलाची पाठवणी केबलीच्या स्वीकाराला जोडावी. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने ऐकावे, असा हा व्यवहार आहे. हिरवी तार प्रोग्रॅम भरण्यापूर्वी मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू करण्याच्या कामी येते. ती सोय नसल्यास भरणे सुरू होताच मंडलावरील रिसेटची कळ दाबून सोडावी.

संगणकावरील तयारी व पारख

१. मंडल न जोडता केवळ केबल संगणकास लावावी. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम व पुढे एखादा अंक असे नाव दिसले पाहिजे. न दिसल्यास केबलीतील चिपचे नाव पाहून तिचा ड्रायव्हर घालावा.

२. केबलीची पाठवणी व स्वीकार ही दोन टोके क्षणभर एकमेकांस जोडून सीरियल मॉनिटरमधून काही अक्षरे पाठवावीत. तीच परत आल्यास केबल ठीक आहे असे समजावे.

३. नंतर मंडल जोडून, आर्डुइनो प्रोग्रॅममध्ये मंडल व पोर्ट निवडून, दिवा लुकलुकविणारा लहान प्रोग्रॅम भरावा.

४. तो चालल्यावरच ओलीचा प्रोग्रॅम भरावा. मॉनिटरवर निरर्थक अक्षरे उमटल्यास दोन्हीकडील वेग, उदाहरणार्थ ९६००, सारखा आहे का ते पाहावे.

ओलीचे आकडे प्रत्येक जमिनीत निराळे येतात. त्याच शेतातील कोरड्या व वाफशावरील मातीत संवेदक रोवून दोन्ही आकडे टिपून घ्यावेत व त्यांवरून पंपाची मर्यादा ठरवावी.

दक्षता

प्रोग्रॅम भरताना मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू होतो व त्या क्षणी रिले ओढला जाण्याचा संभव असतो. पंप अचानक सुरू झाल्यास विहिरीवर काम करणाऱ्यास इजा होईल. म्हणून आधी स्टार्टरचा मुख्य पुरवठा बंद करावा, नियंत्रक पेटीतून सोडवून घरी आणावा व मगच केबल लावावी. मंडलास बाहेरून वीज दिली असल्यास केबलीची तांबडी तार जोडू नये. स्टार्टरकडील जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

केबलीचा प्रकार, तारांचा क्रम व ओलीचे आकडे वहीत लिहून ठेवल्यास ऐन हंगामात नियंत्रक बिघडला तरी पाण्याची पाळी चुकण्याची वेळ सहसा येणार नाही.