घुमटावरचा खड्डा

वाळूच्या पिशवीवर टेकवलेला तो गोळा नदीतला गोटा वाटावा असाच. प्रत्यक्षात ते स्टेगोसेरसच्या कवटीचं छत आहे, सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचं. स्टेगोसेरस म्हणजे जेमतेम शेळीच्या वजनाचा, दोन पायांवर चालणारा डायनासोर. लॉरेन्स लॅम यांनी १९०२ मध्ये त्याचं नामकरण केलं तेही कॅनडातल्या अल्बर्टात सापडलेल्या अशाच सुट्या घुमटांवरून. बाकीचा सांगाडा नाजूक; तो फुटून वाहून जातो. भरीव हाडाचा घुमट तेवढा गडगडत टिकतो.

जीवाश्म साफ करणाऱ्या बाई सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत नाहीत. हातात एअर स्क्राइब, दाबाच्या हवेवर थरथरणारी, पेनासारखी धरायची सुई. ती हाडाला लावायचीच नाही. शेजारच्या दगडाला लावायची, म्हणजे खपली आपसूक सुटते. हाड भुसभुशीत लागलं की थांबायचं, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या राळेचा थेंब सोडायचा, तो मुरू द्यायचा. दुपारभरात नखाएवढा भाग मोकळा झाला.

तिथेच, माथ्याजवळ, एक खड्डा निघाला. बाईंनी सुई ताबडतोब बाजूला ठेवली आणि खाण्याच्या सोड्याचा बारीक फवारा घेतला. इथे सुईचा एक ओरखडा उठला, तर प्राण्याची जखम कुठली आणि आपली कुठली हे पुढे कुणाला सांगता येणार नाही.

हे प्राणी घुमटांनी एकमेकांना टकरा देत होते का, या प्रश्नामुळे अशा खड्ड्यांवर मोठा वाद आहे. मार्क गुडविन आणि जॅक हॉर्नर यांनी २००४ मध्ये घुमटांचे पातळ काप तपासले. टकरीचा धक्का सोसण्यासाठीची मानली जाणारी हाडाची रचना त्यांना फक्त वाढत्या वयात आढळली. टकरींची कल्पना त्यांनी नाकारली. २०१३ मध्ये जोसेफ पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १०९ घुमट पाहिले. सुमारे २२ टक्के घुमटांवर जखमा होत्या, आणि मार लागून हाडाला झालेल्या संसर्गाच्या त्या खुणा, असं त्यांनी मांडलं. मला ही दुसरी बाजू अधिक पटते.

सिनेमात हे घुमटडोके जनुकांतून पुन्हा जन्म घेतात. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए मात्र ग्रीनलंडमधला, सुमारे २० लाख वर्षांचाच आहे. आणि उद्या एखादं पिल्लू खरंच घडवता आलं, तरी त्याच्या डोक्यावर हा खड्डा नसेल. जनुकांत घुमट कसा वाढायचा ते लिहिलेलं असतं. या एका प्राण्याला कधी काय लागलं, ते फक्त या हाडात आहे.

आता सीटी स्कॅन. खड्ड्याखाली नवं हाड धरलेलं दिसलं, तर त्या जखमेनंतरही तो जगला होता.