देवाच्या दरबारापासून आश्रमापर्यंत

भिन्न धर्मांच्या विद्वानांनी एका व्यासपीठावर बसून परस्परांच्या ग्रंथांची प्रशंसा करावी, एवढ्यालाच सर्वधर्मसंवाद म्हणण्याची वहिवाट आपल्याकडे पडली आहे. परंतु ख्रिस्ती माणसाचा अन्यधर्मीयांशी संवाद किती खोल जाऊ शकतो हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून महाराष्ट्रात चालत आलेली एक परंपरा न्याहाळावी.

1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांची अशी श्रद्धा होती, की आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोहोचलो. म्हणून अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्तोपासनेत आणले ते अलंकार म्हणून नव्हे, तर त्यांच्या भक्तीला दुसरी वाणीच ठाऊक नव्हती म्हणून. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना मुभा दिली. ज्या काळी चर्चच्या दप्तरात नाव चढल्यावाचून कोणी ख्रिस्ती गणला जात नसे, त्या काळी हे केवढे धाडस! दोनच वर्षांनी टिळक निवर्तले.

त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये अहमदनगरास ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला व पुढे तो पुण्यास शिवाजीनगरात आणला. राज्यकर्त्यांच्या धर्माचा उपदेशक शिकविण्यासाठीच येतो, शिकण्यासाठी नव्हे, हा समज उपदेशाने नाहीसा होणारा नव्हता. तेव्हा इंग्रज व हिंदी सभासदांनी बरोबरीच्या नात्याने एकत्र राहावे, खादी वापरावी, शाकाहार पाळावा, असा क्रम तेथे ठरला. याच संघात 1927 साली दाखल झालेले व्हेरियर एल्विन पुढे गांधीजींच्या निकट गेले.

1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांतील सत्याविषयी आदराची भूमिका अधिकृतपणे घेतली आणि त्यानंतरच्या दशकात या संघाच्या पुण्यातील आश्रमात अँग्लिकन व रोमन कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. मला या कथेतील अत्यंत बोधप्रद भाग हाच वाटतो. प्रार्थनेत उपनिषदांचे पठण करण्यास अडचण नव्हती. परंतु एकाच ख्रिस्ताला भजणाऱ्या दोन पंथांनी एकत्र प्रभुभोजन घेण्यास रोमन कॅथलिक नियमांची आडकाठी होती. 1970 साली नागपुरास सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च अस्तित्वात आले, तरी रोमन कॅथलिक त्याबाहेरच राहिले. हिंदू शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या घरातील भिंतींची लांबीरुंदी अशी प्रथमच कळते, आणि त्या भिंतींविषयी मौन पाळून शेजारधर्म साधता येत नाही.

पुढे या आश्रमाच्या आचार्या झालेल्या स्कॉटिश कॅथलिक भगिनी सारा ग्रँट यांनी शांकरभाष्याचे अध्ययन करून असे प्रतिपादिले, की जगत् सर्वस्वी ब्रह्मावर अवलंबून आहे, ब्रह्म मात्र जगतावर अवलंबून नाही, हा शंकराचार्यांचा संबंधविचार आणि संत थॉमस अक्वायनस यांचा सृष्टिविचार एकमेकांच्या फार जवळचे आहेत. स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हणविताना त्यांनी आपले व्रत सोडले नाही, की शंकराचार्यांच्या वचनांना सोयीस्कर मुरड घातली नाही. आचार्यांना प्रतिपक्षाऐवजी गुरुस्थानी मानून झालेले हे अध्ययन मराठी वेदान्ताभ्यासकांनी मुळातून वाचावे, आणि जेथे पटणार नाही तेथे त्याचे रोखठोक खंडनही करावे.