गल्लीच्या फोटोला भर दुपार

फोटो सकाळी नाहीतर सांजवेळीच काढावा, हा नियम चौपाटीला ठीक. भुलेश्वरच्या गल्लीबोळांत तो लंगडा पडतो. दाटीवाटीच्या इमारतींमध्ये तिरपी उन्हं वरच्या मजल्यांवरच अडतात. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सरळ दक्षिणोत्तर गल्लीत तर हिवाळ्यातही ऊन जमिनीपर्यंत पोचू शकतं. दुपारचं ऊन भगभगीत, सावल्या काळ्याकुट्ट, असा आक्षेप येतोच. मोकळ्या मैदानात तो खराही आहे. गल्लीत मात्र उन्हातली भिंत समोरच्या भिंतीवर उजेड परतवते आणि सावलीतले चेहरे मऊ उजळतात. एक्सपोजर उन्हाच्या भागावर धरावं. सावलीतला तपशील रॉ फाइलमधून बराच काढता येतो. (मोबाइलवाल्यांनी उजळ भागावर बोट टेकवावं, झालं!)