नाण्याच्या मापाचा माल

बहुराष्ट्रीय कंपनीचे धोरण समजून घ्यायचे तर अंधेरीतल्या हिंदुस्तान युनिलिव्हरच्या मुख्यालयात जायला हवे, असे कुणालाही वाटेल. माझ्या मते पडेगावातल्या एखाद्या किराणा दुकानाच्या दारात तासभर उभे राहिले तरी पुरते. छत्रपती संभाजीनगरहून छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले, की मिटमिट्याच्या अलीकडे पडेगाव येते. इथल्या दुकानांच्या दर्शनी भागात शॅम्पू, खोबरेल, कॉफी, कपड्यांची पावडर यांच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लटकत असतात. आतल्या फळ्यांवरचा माल गिऱ्हाईक पाहीलच असे नाही. हे तोरण मात्र डोक्याला लागतेच. त्यामागचे सूत्र साधे आहे : माल नाण्याच्या मापाने कापायचा.

कंपनीला हे सूत्र फार उशिरा उमगले. ‘सनलाइट’ साबणाची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली ती 1888 साली. पुढे 1933 मध्ये लिव्हर ब्रदर्सची भारतीय कंपनी निघाली, शिवडीला साबणाचा कारखाना सुरू झाला, आणि 1956 मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन ‘हिंदुस्तान लिव्हर’ तयार झाली. 1959 साली ‘सर्फ’ आला. या सगळ्या काळात कंपनीचे खरे गिऱ्हाईक पगारदार होते : महिन्याच्या एक तारखेला यादी करून वाणसामान भरणारे. रोजंदारीवर जगणारा माणूस तिच्या हिशेबात जवळपास नव्हताच.

तो हिशेबात आणला अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी. 1969 मध्ये त्यांनी घरगुती पातळीवर ‘निरमा’ पावडर सुरू केली. सर्फच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी किमतीत ती विकली जाई. लिव्हरने बराच काळ तिकडे लक्ष दिले नाही. मग दिले, ते आधी जाहिरातीतून. दूरदर्शनवरच्या ललिताजी पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असतील. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक त्या बजावून सांगत. जाहिरात अजरामर झाली, निरमाचा खप मात्र वाढतच राहिला. अखेर 1987 च्या सुमारास कंपनीने ‘व्हील’ बाजारात आणली. त्यासाठी तिला घटक बदलावे लागले, उत्पादन ठिकठिकाणी विखरावे लागले आणि मुख्य म्हणजे बेरीज उलटी मांडावी लागली. पूर्वी खर्चात नफा मिळवून किंमत ठरे. आता किंमत आधी ठरली. तीतून नफा वजा केल्यावर जे उरेल तेवढ्यात वस्तू बनवायची. माझ्या दृष्टीने या कंपनीच्या भारतातल्या इतिहासाचे दोन भाग पडतात ते इथेच.

पुडीही तिची स्वतःची नव्हे. तामिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू छोट्या पुड्यांत भरण्याची कल्पना रुजवली. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये ‘चिक’ शॅम्पू काढला आणि 1999 मध्ये तो पन्नास पैशांत आणून ठेवला. मोठ्या कंपन्या या वाटेने मागाहून गेल्या. पुढे सी. के. प्रल्हाद यांनी 2004 च्या आपल्या ग्रंथात गरिबांच्या बाजारपेठेचा सिद्धान्त मांडला, तेव्हा उदाहरण म्हणून हिंदुस्तान लिव्हर जगभरच्या वर्गांत शिकवली जाऊ लागली. कडलूरचे नाव त्या मानाने कमीच घेतले गेले.

पडेगावात याचा अर्थ काय होतो? बांधकामावर बिगारी काम करणाऱ्या माणसाच्या हातात पैसा रोजचा येतो आणि रोजचाच जातो. बाटली घेणे म्हणजे महिनाभराचे भांडवल न्हाणीघरात अडकवून ठेवणे. पुडी घेतली की जेवढे आज लागते तेवढेच आज विकत घेतले. घरात बाटली असली की ती चारजण सढळ हाताने ओततात, पुडीला मात्र आपोआप माप असते, हे मला तिथल्या एका दुकानदाराने समजावले. कुठल्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात याहून नेमके वाक्य मी वाचलेले नाही.

इथे एक गंमत आहे. सुट्यात घेणारा गरीब नेहमी जास्त दर मोजतो, असे आपण धरून चालतो. शॅम्पूत बहुधा उलटे घडते. पाच-सहा मिलिलिटरची पुडी रुपयाला असते. त्याच शॅम्पूच्या मोठ्या बाटलीचा मिलिलिटरमागे दर काढून पाहा, पुडीच स्वस्त निघते. पुडीच्या बाजारात स्पर्धा इतकी तीव्र, की तिथे दर वाढवण्याची कुणाची छाती होत नाही. बाटलीवाला गिऱ्हाईक मात्र हिशेब करत नाही.

दर वाढवता येत नाही, मग महागाई कुठे जाते? ग्रॅममध्ये. पामतेल महागले की साबणाची वडी किंचित सडपातळ होते, बिस्किटाच्या पुड्यातले वजन घटते. छापील किंमत तीच. कायद्याने निव्वळ वजन छापावे लागते, पण पाच रुपयांचा पुडा मागणारे पोर वजन मागत नाही.

नाण्याची ही सत्ता 22 सप्टेंबर 2025 नंतर अगदी उघडी पडली. त्या दिवसापासून साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. सरळ हिशेबाने पाच रुपयांचा पुडा 4 रुपये 45 पैशांचा आणि दोन रुपयांची पुडी 1 रुपया 78 पैशांची व्हायला हवी. पण पंचवीस पैशांपर्यंतची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेलेली, आणि पन्नास पैसे कायद्याने चालत असले तरी पडेगावात कुणी हातात घेत नाही. 55 पैसे परत द्यायचे कशाने? कर कमी झाल्याचा फायदा पोचवायचा तर पुडीत माल वाढवणे हाच सोयीचा मार्ग उरतो. सरकार टक्क्यांत बोलते आणि दुकानदार नाण्यांत. मधला दुभाषा म्हणजे ग्रॅम.

या हिशेबात एक रक्कम मात्र धरलेलीच नाही, आणि ती योगायोगाने पडेगावातच येऊन पडते. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या लोकांनी शहराचा कचरा अडवला. तेव्हाच्या औरंगाबादेत रस्तोरस्ती ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक आणि लाठीमार झाला. त्यानंतर महापालिकेने ज्या ठिकाणी प्रक्रिया केंद्रे उभारली त्यांत चिकलठाणा, हर्सूल यांच्याबरोबर पडेगावही आहे. म्हणजे शहरभरच्या तोरणांतून तुटलेल्या पुड्यांचा एक वाटा, रिकामा होऊन, याच गावाच्या वेशीवर परत येतो.

रिकाम्या पुडीचे दुखणे तिच्या रचनेत आहे. ओल, हवा आणि उजेड यांपासून माल वाचवायला वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांवर चिकटवलेले असतात. ते सुटे करणे खर्चाचे, म्हणून भंगारात तिला भाव नाही. पाण्याची बाटली कचरावेचक बाई वाकून उचलते; पुडीसाठी वाकत नाही, कारण किलोभर वजन भरायला किती वेळा वाकावे लागेल हे तिला पक्के ठाऊक असते. युनिलिव्हरने 2017 मध्ये एका जर्मन संशोधन संस्थेच्या मदतीने थर विरघळवून प्लास्टिक परत मिळवण्याचे तंत्र जाहीर केले आणि इंडोनेशियात प्रायोगिक कारखानाही उभारला. पुड्यांचा पूर त्याने ओसरला नाही. आपल्याकडे 2016 चे प्लास्टिक कचरा नियम आणि 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे यांनी वेष्टणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण कंपनी ती पुरी करते टनांच्या प्रमाणपत्रांतून. ज्या गल्लीत पुडी फाडली त्याच गल्लीतून ती उचलली पाहिजे, अशी अट त्यात नाही.

मी पडेगावातल्या त्या दुकानदाराला विचारले, की कंपनीने मोठा डबा दिला आणि गिऱ्हाइकाने घरची वाटी आणली, तर रुपयाचा शॅम्पू मापून देणार का? पूर्वी रॉकेल, गोडेतेल असेच तर विकले जाई. तो म्हणाला, देईन की, पण मापताना सांडलेले कुणाच्या खात्यावर लिहायचे तेवढे कंपनीला विचारून सांगा.