इंजिन ऑइल कधी बदलायचे, हे गाडीला कसे कळते?

ऑइल बदलण्याची सूचना देणाऱ्या बहुतेक गाड्या ऑइल प्रत्यक्ष तपासत नाहीत. इंजिनाने किती आणि कोणत्या परिस्थितीत काम केले, यावरून त्या ऑइलचे उरलेले आयुष्य ठरवतात. हा हिशेब कसा होतो आणि कुठे तोकडा पडतो, हे माहीत नसल्याने अनेक गैरसमज रुजले आहेत.

गैरसमज : ऑइलच्या बुधलीचे चित्र असलेला लाल दिवा म्हणजे ऑइल बदलायची वेळ झाली.
वस्तुस्थिती : हा दिवा ऑइलचा दाब घटल्याचे सांगतो. ऑइल फार कमी होणे किंवा पंप बिघडणे ही त्याची नेहमीची कारणे. इंजिन चालू असताना तो लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन लगेच बंद करावे लागते. तसेच पुढे रेटल्यास बेअरिंग काही मिनिटांत निकामी होऊ शकतात. ऑइल बदलण्याची सूचना वेगळी असते. ती बहुधा पाना-चिन्हाने, टक्केवारीने किंवा शब्दांत दिसते.

गैरसमज : सूचना आली, म्हणजे सेन्सरने ऑइल खराब असल्याचे पाहिले.
वस्तुस्थिती : सूचनेचे मुख्य प्रकार तीन. सर्वांत साधी सूचना किलोमीटर आणि महिने मोजते. यांपैकी जे आधी भरेल, त्यावर ती येते. दुसऱ्या प्रकारात संगणक गणित करतो. जनरल मोटर्सने 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या पद्धतीत इंजिनाचे फेरे मोजले जातात आणि तापमानानुसार त्यांना कमी-जास्त वजन दिले जाते. तिसऱ्या प्रकारात खरोखर सेन्सर असतो. मर्सिडीज-बेंझने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑइलच्या विद्युत गुणधर्मातील बदल टिपणारा सेन्सर वापरला. मात्र असे सेन्सर आजही मोजक्याच गाड्यांत आढळतात.

गैरसमज : किलोमीटर सारखे, तर ऑइलची झीजही सारखी.
वस्तुस्थिती : जळगावहून पारोळामार्गे धुळ्याला सलग जाणाऱ्या कारचे ऑइल पुरेसे तापते, त्यातली वाफ आणि इंधनाचा अंश उडून जातो. जळगाव शहरातच दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या कारचे ऑइल पूर्ण तापतच नाही. धुळ्यात हिवाळ्यात पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा हा परिणाम वाढतो. उलट टोकाला, मे महिन्याच्या उन्हात केळी भरलेला ट्रक घाट चढतो तेव्हा ऑइल अतिशय तापते. ऑइल एका मर्यादेपलीकडे तापले, की दर 10 अंशांमागे त्याच्या ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून चांगले गणित थंडपणा आणि अतिउष्णता या दोन्हींसाठी आयुष्य कापते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत तर किलोमीटरला अर्थच उरत नाही. मळणी यंत्राला जोडलेला ट्रॅक्टर दिवसभर एका जागी उभा राहून पूर्ण भाराने चालतो. त्यामुळे ट्रॅक्टरचे ऑइल तासांच्या मीटरवर बदलतात. जुन्या यांत्रिक मीटरांत हा तासही इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतो. इंजिन मंद चालले, तर घड्याळाच्या एका तासात मीटर पूर्ण तास दाखवत नाही.

गैरसमज : ऑइल काळे पडले, म्हणजे संपले.
वस्तुस्थिती : ऑइलमधील डिटर्जंट घटक काजळी धरून ठेवतात आणि तिचे थर साचू देत नाहीत. डिझेल इंजिनात नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काळे होते. रंगावरून उरलेले आयुष्य कळत नाही. मात्र ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरल्याची शक्यता असते आणि तपासणी तातडीची ठरते.

गैरसमज : पट्टीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर काळजी नाही.
वस्तुस्थिती : 2020 मध्ये बीएस-6 मानक आल्यानंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करताना जादा डिझेल फवारले जाते. छोट्या फेऱ्यांमुळे ही सफाई वारंवार अर्धवट राहिली, तर डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि पातळी वर जाते. अशा वेळी किलोमीटर भरण्याआधीच ऑइल बदलावे लागते. काही गाड्यांचे संगणक तशी सूचनाही देतात.

गैरसमज : सूचना येईपर्यंत काहीच पाहायची गरज नाही.
वस्तुस्थिती : गणिताला शेतरस्त्यावरची धूळ दिसत नाही, चुकीच्या दर्जाचे ऑइल ओळखता येत नाही आणि बहुतेक गाड्यांत पातळी कमी झाल्याचेही कळत नाही. नवे ऑइल भरल्यावर सूचना रिसेट केली नाही, तर जुनाच हिशेब चालू राहतो. ऑइल न बदलता रिसेट केली, तर जुने ऑइल नवे म्हणून मोजले जाते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून पट्टीवर पातळी नियमित पाहणे, धुळीत एअर फिल्टर लवकर तपासणे आणि पुस्तिकेत खडतर वापरासाठी दिलेली कमी मुदत पाळणे आवश्यक आहे. गाडी कमी चालली, तरी पुस्तिकेतील महिन्यांची मर्यादा, अनेक कारसाठी एक वर्ष, लागू राहते. सूचना त्याआधी आली, तर सूचनेप्रमाणे ऑइल बदलावे.